कोकराचा डोळा

१

रविवारी जेवण आटोपून मंडळी माडीवर परतली, तेव्हा मखमली तबकातली एक खाच रिकामी होती.

शतकमहोत्सवाचं सोन्याचं पदक जागच्या जागी होतं. स्पेनच्या राजाच्या राज्यारोहणाचं, पुएब्ला शहराने पाडलेलं चांदीचं पदकही होतं. त्यासाठी परगावचे संग्राहक किरोससाहेबांच्या पायऱ्या झिजवत. गेलं होतं ते एका तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याचं, कोकरू कोरलेलं पदक.

"माझं कोकरू!" किरोससाहेब ओरडले. लेओबार्दो किरोस नोटरी होते आणि पदकसंग्राहक मंडळाचे अध्यक्षही. त्यांचा आवाज दोन्ही कामांसाठी घडवलेला होता. "माझं एकमेव कोकरू कुणी उचललं?"

सगळ्यांच्या माना आपसूक दाराकडे वळल्या. दारात हातात रिकाम्या थाळ्या घेऊन मेलितोन उभा होता. तो या इमारतीचा दरवान. जिन्याखालच्या खोलीत बायकोबरोबर राहायचा आणि दर रविवारी मंडळाची सरबराई करायचा. आज खाली चौकात शेळीच्या हाडांच्या रश्श्याचं जेवण होतं, आणि ताटं-वाट्यांची ने-आण करायला तो याच खोलीतून गेला-आला होता.

"साहेब, मी हात नाही लावला."

"तू सोडून इथे कोण होतं रे?"

"खरं तर सगळेच होते. तुम्ही फोन करायला वर आलात. डॉक्टरसाहेब हात धुवायला आले. सेवेरियानो सिगरेट विसरला म्हणून आला."

"म्हणजे मीच माझी चोरी केली?"

"तसं कुठे म्हणतोय मी? पण मला चोरायचंच असतं तर शेजारचं सोनं नसतं का उचललं? एवढा खुळा दिसतो का मी?"

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, पण ते ऐकायला कुणी तयार नव्हतं. मेलितोनचे खिसे उलटे केले गेले, त्याच्या खोलीतली गादी उसवली गेली. बाकी कुणाचे खिसे तपासायचा विषयही निघाला नाही. सभ्य माणसांचे खिसे कसे तपासायचे? मेलितोनची बायको विखुरलेला कापूस गोळा करत राहिली.

खिडकीपाशी ओतिलियाबाई आपला तराजू आवरत होत्या. शाळेत रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि मंडळातल्या पदकांचा कस बघायचं काम त्यांच्याकडे होतं. गर्दीत बोलायची त्यांना सवय नव्हती.

"किरोससाहेब," त्या म्हणाल्या, "पोलिसांना बोलवायची घाई करू नका."

"बाई, गुरुवारी वर्तमानपत्रात फोटो छापून येणार आहे! 'लेआंद्रो आमादोर क्वाउत्ले, एकोणीसशे अडतीस साली अनाल्कोच्या देवळात तुझा बाप्तिस्मा झाला. आता चाळिशी ओलांडलेला तू कुठे आहेस? आमच्या प्रदर्शनाला ये!' अशी जाहिरात दिलीय मी. पदक नसलं तर लोक काय म्हणतील मला?"

"फोटो काढलाय ना?"

"काढलाय. तो छापणारच. पण त्याखाली काय लिहू? चोरीला गेलं?"

"मला मंगळवार संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

किरोससाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, जणू मंगळवार त्यातच होता. "मंगळवारी दिवेलागणीला मी चौकीवर जाईन. आणि हा," त्यांनी मेलितोनकडे बोट दाखवलं, "त्याच दिवशी खोली रिकामी करेल."

२

रात्री जेवण झाल्यावर ओतिलियाबाईंनी ते पदक डोळ्यांसमोर आणलं. सकाळीच त्यांनी ते तपासलं होतं. चांदी उत्तम. एका बाजूला झेंडा धरलेलं कोकरू, मुलाचं नाव, देवळाचं नाव, सप्टेंबरची एक तारीख. दुसरी बाजू कोरी. कोकराच्या डोळ्याभोवती भिंगातून दिसलेलं एक बारीक, ओरखडलेलं वर्तुळ.

चोराचा विचार त्यांनी शाळेतल्या प्रयोगासारखा केला. किंमत न कळणारा माणूस सोनं उचलेल. किंमत कळणारा राजाचं पदक उचलेल. हे कोकरू मात्र कुणालाच विकता येणार नव्हतं. जगात एकच नग, आणि तो कुणाचा हे आख्ख्या बाजाराला ठाऊक. मग असं पदक कोण नेईल? ज्याला ते जवळ असण्याशी काही देणंघेणं नाही, फक्त ते लोकांपुढे यायला नको आहे, असा माणूस.

आणि त्याच वेळी त्यांना दुसरी गोष्ट खटकली. सकाळीच खटकायला हवी होती.

बाप्तिस्म्याची पदकं एकेकटी निघत नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा धर्मबाप ती शेकड्यांनी पाडून घेतो. विधी झाला की देवळाच्या पायऱ्यांवरून गल्लीतल्या पोरांवर उधळतो, पाहुण्यांच्या छातीला फितीने लावतो. मग ती घराघरांतून, शिवणाच्या डब्यांतून, आजोबांच्या पाकिटांतून पुढची पन्नास वर्षं निघत राहतात. हे मात्र एकमेव! 'एकमेव' म्हटलं की संग्राहकाच्या तोंडाला पाणी सुटतं. ते का एकमेव आहे हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्यांना स्वतःलाही नाही.

शेकड्यांनी निघणारी वस्तू एकटी उरते, ती केव्हा?

ओतिलियाबाईंनी चष्मा काढून ठेवला. उत्तर सोपं होतं. त्या मुलाच्या नावाने कुणी काही उधळलंच नव्हतं.

३

सोमवारी सकाळी त्या सेवेरियानोच्या दुकानात गेल्या. जुन्या वस्तूंच्या गल्लीत, दोन मोडक्या वाद्यपेट्यांच्या मागे तो बसायचा. किरोससाहेबांना ते पदक त्यानेच विकलं होतं.

"या बाई, या. बसा. ही खुर्ची विकायची आहे, पण तुम्हाला फुकट." तो हसला. "तुम्ही मला रसायनशास्त्रात नापास केलं होतं, म्हणून भंगारात आलो."

"तू प्रयोगशाळेत तांबं चोरलं होतंस, सेवेरियानो."

"बघा, म्हणजे गुण तेव्हापासूनचेच." मग तो गंभीर झाला. "पण कोकरू मी नाही उचललं, देवाशपथ. मी विकलेली वस्तू मीच चोरून काय करू?"

"ठाऊक आहे. ते तुला मिळालं कुठे?"

"बाबांच्या लोखंडी पेटीत. ते गेल्यावर उघडली. पदकांचे ठसे कोरायचं काम करायचे ते, तुम्हाला माहितीच आहे. लोक म्हणायचे, क्रिस्पीनचा हात म्हणजे... जाऊ द्या, आता काय."

"आता काय म्हणजे?"

सेवेरियानोने वाद्यपेटीची एक तुटकी पट्टी दाबली. आवाज आला नाही.

"त्या कोकरानंतर अनाल्कोत कुणी बाबांना बाप्तिस्म्याचं काम दिलं नाही. लोक म्हणायचे, क्रिस्पीनने पदकं वेळेवर दिली नाहीत, म्हणून विधी पुढे ढकलला, आणि पोर तापाने गेलं. डोक्यावर पाण्याचा थेंब न पडता. तुम्हाला तर ठाऊकच आहे बाई, आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या पाण्याविना गेलेल्या मुलाला स्वर्ग मिळत नाही, अंधारात राहावं लागतं. ती आई आमच्या दारावर थुंकली होती. मी तेव्हा एवढासा होतो."

"आणि उशीर खरंच झाला होता?"

"बाबा फक्त एवढंच म्हणायचे की मी नमुना वेळेत दिला होता. मी विचारायचो, मग बोलत का नाही? कुणी मागवला होता ते सांगा. तर म्हणायचे, गिऱ्हाईकाचं नाव दुकानाबाहेर काढायचं नसतं. मेले, पण नाव काढलं नाही."

म्हणजे ते पदक पसंतीसाठी पाडलेला नमुना होतं. म्हणूनच मागची बाजू कोरी. मागे धर्मबापाचं नाव यायचं होतं, ते नमुना पसंत पडल्यावर.

"कोकराच्या डोळ्याभोवती एक बारीक वर्तुळ ओरखडलेलं होतं," ओतिलियाबाई म्हणाल्या. "ते तुझ्या वडिलांनी केलं असेल?"

"बाबांनी? स्वतःच्या कामावर ओरखडा? त्यापेक्षा त्यांनी बोट कापून घेतलं असतं."

"मग नमुना गिऱ्हाईकाकडे गेला होता. त्याने खूण केली आणि परत पाठवला."

सेवेरियानो त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो उठून उभा राहिला.

"म्हणजे उशीर बाबांनी केलाच नाही?"

४

घरी येऊन ओतिलियाबाईंनी आईचा एक जुना चांदीचा चमचा घेतला आणि त्यावर शिवणाच्या सुईने तीळभर वर्तुळ काढून पाहिलं. सुई घसरली. कंपासच्या टोकाने काढलं, तर रेघ दुहेरी उमटली. चाकूने वर्तुळाचा चौकोन झाला. पदकावरचं वर्तुळ मात्र एका दमात, खोल आणि गुळगुळीत काढलेलं होतं. त्यासाठी कडक पोलाद हवं, टोक वाकडं हवं, आणि मनगट न हलवता बोटांनी काम करायची सवय हवी.

चमचा त्यांनी खाली ठेवला. असं हत्यार त्या दर रविवारी बघत होत्या. मंडळात कुणी नवं पदक आणलं की दातांचे डॉक्टर तामारिस वरच्या खिशातून आपली तपासणीची सळई काढत आणि तिच्या वाकड्या टोकाने दोष दाखवत. "हे बघा, इथे अक्षर बसलंय. इथे नाक चपटं. फुकट दिलं तरी घेऊ नका." शहरातला बाप्तिस्म्याच्या पदकांचा सगळ्यात मोठा संग्रह त्यांचा, आणि सगळ्यात तिखट जीभही त्यांचीच.

काल मात्र कोकरू हातात आलं, तेव्हा त्यांनी सळई काढली नव्हती. भिंगही लावलं नव्हतं. "छान आहे," एवढंच म्हणून पदक पुढे सरकवलं होतं. तेव्हा ओतिलियाबाईंना वाटलं होतं, डॉक्टरांना बरं नसावं.

त्या संध्याकाळी दवाखान्यात गेल्या, तेव्हा डॉक्टर हत्यारं उकळत ठेवत होते.

"दात दुखतोय का बाई?"

"नाही. मेलितोनबद्दल बोलायचं होतं."

"बिचारा." त्यांनी झाकण लावलं. "मी किरोसला सांगतो, पोलिसांत देऊ नकोस म्हणून. मेलितोनला गावी जायचं भाडं मी देईन. तिकडे त्याचा भाऊ आहे, शेती आहे."

"त्याने काही केलेलं नाही, डॉक्टर. मग त्याने गावी का जायचं?"

पाण्याला आधण आलं होतं. डॉक्टर त्याच्याकडेच बघत होते.

"एकच विचारते," ओतिलियाबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत तुम्ही एकाही पदकाला नावं ठेवल्याशिवाय सोडलं नाहीत. माझ्या वडिलांच्या पदकालासुद्धा. काल त्या कोकराला का सोडलंत?"

डॉक्टरांनी शेगडी बंद केली. सत्तरीला टेकलेले, ताठ कण्याचे ते गृहस्थ चिमट्याने एकेक हत्यार काढून फडक्यावर मांडू लागले.

"उद्या बोलू," ते म्हणाले. "उद्या दुपारी मला एके ठिकाणी जायचं असतं. दरवर्षी जातो."

"उद्या तीस ऑक्टोबर."

"हो."

मृतांच्या सणाआधीच्या त्या दिवशी बाप्तिस्म्याविना गेलेली मुलं आपापल्या घरी येतात, हे पुएब्लात कुणाला सांगावं लागत नाही. डॉक्टरांचं लग्न झालं नव्हतं. त्यांच्या घरात कधी मूल नव्हतं.

५

अनाल्कोत क्वाउत्ले आडनावाची एकच म्हातारी उरली होती. एर्मेलिंदाबाई. नदीच्या बाजूच्या गल्लीत त्या रताळ्याच्या वड्या करून विकत. ओतिलियाबाई पोचल्या तेव्हा घरात उकडलेल्या रताळ्याचा वास भरला होता.

"वड्या हव्यात? आज करत नाही मी. आज माझा मुलगा येतो." मग त्यांनी पाहुणीकडे नीट पाहिलं. "तुम्ही शाळेतल्या बाई ना? माझ्या भाचीला शिकवलंत. या आत, उभ्या का?"

कोपऱ्यात एका स्टुलावर पांढरं कापड होतं. त्यावर पाण्याचा पेला, पांढरी मेणबत्ती, एक छोटी गोल पावरोटी. झेंडू नव्हता, फोटो नव्हता.

"सगळ्यांची मुलं उद्या रात्री येतात," एर्मेलिंदाबाई म्हणाल्या, जणू रोजच्या बाजाराबद्दल बोलत होत्या. "घोळक्याने येतात, हसत-खिदळत. माझा आज येतो. पाणी न मिळालेली मुलं आधी येतात ना, अंधारातून. एकटाच येतो तो. म्हणून मी मेणबत्ती दुपारीच लावते, त्याला वाट दिसावी."

"लेआंद्रो," ओतिलियाबाई नुसतं म्हणाल्या.

"तुम्हाला नाव कसं ठाऊक?" म्हातारीचा चेहरा उजळला. "कुणी त्याचं नाव घेत नाही हो. नवऱ्याने शेवटपर्यंत घेतलं नाही. त्या मेल्या क्रिस्पीनने पदकं अडवून ठेवली. आम्ही म्हणत होतो, राहू दे पदकं, पाणी घालून घेऊ. पण धर्मबापाची हौस मोडवत नव्हती. नुकताच डॉक्टर झालेला, स्वतः होऊन पुढे आलेला. तेच आमचे कोंपाद्रे. ते म्हणाले, एकच रविवार थांबा. मग आणखी एक."

दारावर टकटक झाली.

"आलेच बघा कोंपाद्रे. एकही वर्ष चुकले नाहीत. पोटच्या पोरांनीसुद्धा एवढं करू नये."

डॉक्टर तामारिस हातात पांढरी फुलं घेऊन दारात उभे होते. खुर्चीवरच्या ओतिलियाबाईंना पाहून ते थांबले. मग हळूच आत आले, फुलं पेल्याशेजारी ठेवली आणि तिथेच, पाठ करून उभे राहिले.

"कोंपाद्रे, या बाईंना आपल्या लेआंद्रोचं नाव ठाऊक आहे!"

"हो, कोमाद्रे," डॉक्टर मुलाच्या आईला म्हणाले. "ठाऊक असणारच."

ओतिलियाबाई हलक्या आवाजात बोलल्या. "डॉक्टर, संध्याकाळी किरोससाहेब चौकीवर जाणार. मेलितोनची बायको सामान बांधतेय, मी येताना बघितलं. पदक गुपचूप तबकात ठेवलंत, तरी तो आत येऊन जाणारा माणूस म्हणून लोक त्यालाच चोर म्हणतील. मागच्या वेळी क्रिस्पीनने गप्प राहून सोसलं. हाही गरीब आहे, हाही सोसेल."

"आणि गुरुवारी फोटो छापून येईल," डॉक्टर म्हणाले. "वाळत घातलेल्या वड्यांखाली पसरायला कोमाद्रे वर्तमानपत्र घेतात. बरोबर ना? पदक नसेल तर निदान किरोस फोटो काढून टाकेल, असं वाटलं होतं मला. एवढाच विचार केला. मेलितोनचा विचार नंतर सुचला."

"कसलं पदक?" एर्मेलिंदाबाईंनी विचारलं.

डॉक्टर वळले. त्यांनी वरच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि म्हातारीच्या ओंजळीत ठेवली.

"हे आपल्या लेआंद्रोचं आहे. क्रिस्पीनने वेळेत दिलं होतं. ठरलेल्या रविवारच्या आधीच."

"वेळेत?"

"हा नमुना होता. मी परत पाठवला. मला पसंत पडला नाही. त्याला म्हटलं, कोकराचा डोळा वर गेलाय, पुन्हा कोर. तो म्हणाला, साहेब, एवढं कुणाला दिसतंय? मी म्हटलं, मला दिसतंय. पदकावर माझं नाव येणार होतं ना. तुम्हाला सांगितलं, क्रिस्पीन उशीर करतोय. दुसरा ठसा झाला, त्या रात्री लेआंद्रोला ताप चढला. मी पोचेपर्यंत..." त्यांनी पांढऱ्या कापडाकडे पाहिलं. "दुसरा ठसा मी नदीत टाकला. हा क्रिस्पीनकडे राहिला, मला ठाऊकच नव्हतं. त्यानंतर चाळीस वर्षं मी लोकांच्या मुलांची पदकं गोळा करत बसलो."

बाहेरून कुणी वड्यांसाठी हाक मारली. एर्मेलिंदाबाईंनी ओ दिली नाही.

"मी क्रिस्पीनच्या दारावर थुंकले होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही शेजारी उभे होतात."

"हो, कोमाद्रे."

मग म्हातारीने मान वर केली. "तो मेलितोन कोण? याच्यापायी त्याला घराबाहेर काढतायत?"

"हो," ओतिलियाबाई म्हणाल्या.

"मग आधी तिकडे जा, कोंपाद्रे. दिवे लागायच्या आत जा. आणि क्रिस्पीनच्या मुलालाही सांगा. गल्लीत, चारचौघांत सांगा."

डॉक्टरांनी मान डोलावून टोपी उचलली. ओतिलियाबाई त्यांच्याबरोबर निघायला उठल्या.

एर्मेलिंदाबाई मात्र उठल्या नाहीत. शालीच्या टोकाने चष्मा पुसून त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि पदक मेणबत्तीजवळ धरलं. नावावरून अंगठा फिरवला. झेंडा पाहिला. मग कोकराच्या तोंडापाशी येऊन थांबल्या. पदक जवळ घेतलं, लांब धरलं, उजेडात तिरकं केलं. ओतिलियाबाईंना भिंगातून पाहिलेला तो डोळा आठवला. तो केसाएवढाही वर गेलेला नव्हता.

"कोंपाद्रे," म्हातारीने हाक मारली. आवाजात राग नव्हता. खरोखरच तिला कळत नव्हतं. "चांगलं तर आहे हो कोकरू. काय वाईट होतं यात?"